सेटिंग बदलली तरी परत जुनीच येते: कुठून तपासायला लागायचं

सर्व्हरची सेटिंग बदलूनही जुनीच परत येत असेल तर हे वाचा. आधी लक्षणं सांगतो, यातलं एखादं जरी जुळलं तरी पुढचं वाचा.

- फाईल हाताने बदलली, सर्व्हिस नीट चालली, आणि अर्ध्या तासाने किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी परत जुनी सेटिंग हजर.
- रीबूट होईपर्यंत सगळं बरोबर, रीबूट झाला की बदल गायब. आपल्याकडे लाईट गेली, यूपीएसने दम टाकला की रीबूट होतोच, म्हणून मालक म्हणतो लाईटमुळे बिघडलं. लाईटमुळे फक्त उघडकीला येतं, बिघडलेलं आधीपासूनच असतं.
- अन्सिबल (सर्व्हरच्या सेटिंग लिहून ठेवून लागू करणारं टूल) दरवेळी "चेंज्ड" दाखवतं, खरं तर कोणी काही बदललेलं नसतं.
- फाईल बरोबर, टूल म्हणतं ओके, पण सर्व्हिस जुनीच व्हॅल्यू धरून बसलीय.
- एकाच फाईलमध्ये एकच ओळ दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या व्हॅल्यूने.
- प्लेबुक (अन्सिबलला द्यायची कामांची यादी) एकच, तरी जळगावची मशीन बरोबर आणि धुळ्याची चुकीची, किंवा उलट.
- लाईट गेल्यानंतर कॉन्फिग फाईल शून्य बाईटची.

मी जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिल, चोपड्याकडच्या जिनिंग, रावेर-यावलचे केळीचे व्यापारी यांचे सर्व्हर बघतो, आणि "भाऊ, काल तं चालू व्हतं, आज परत बंद पडी गयं" हा फोन मला कायम येतो. लक्षण दरवेळी वेगळं दिसतं, पण मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: एका सेटिंगला दोन मालक झालेले असतात. एक जण लिहितो, दुसरा पुसतो, आणि दोघांनाही वाटतं आपण बरोबर आहोत.

ही टूलं काय करतात ते थोडक्यात. १९९३ ला सीएफइंजिन आलं, नंतर पपेट, शेफ, सॉल्ट, अन्सिबल आले, कल्पना सगळ्यांची साधारण तीच: मशीन कशी पाहिजे ते एका जागी लिहून ठेवायचं आणि टूलने मशीनला त्या अवस्थेत आणायचं. म्हणजे माहिती दोन ठिकाणी राहते, एक लिहून ठेवलेली आणि एक मशीनवर खरोखर असलेली. सातबाऱ्यावर एक क्षेत्र आणि बांधावर मोजलं तर दुसरं, तसं या दोघांत अंतर पडलं की भांडण सुरू. तुम्ही मशीनवर हाताने बदल केला म्हणजे फक्त बांध सरकवला, सातबारा तसाच आहे, टूल पुढच्या फेरीत सातबारा बघून बांध परत जागेवर आणणार. यात टूलचा काहीच दोष नाही, ते त्याचं काम करतंय.

आता तपासणी. क्रम सोपं-फुकटपासून अवघडपर्यंत आहे, मधलं सोडून पुढे उडी मारू नका, कारण वरच्या तीन-चार गोष्टींतच बऱ्याचदा उत्तर मिळतं आणि खालच्या गोष्टींना हात लावायची वेळच येत नाही.

१. फाईलच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा

खरंच, एवढंच. पहिल्या चार-पाच ओळी वाचा. "ही फाईल अमुक टूल सांभाळतं, हाताने बदलू नका" असं इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि लोक ते ओलांडून थेट खाली जातात. क्लाउड-इनिट (मशीन बूट होताना सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) ने बनवलेल्या नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाईलमध्ये तर बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की इथले बदल रीबूटनंतर टिकणार नाहीत, आणि ते बंद कसं करायचं तेही तिथेच लिहिलंय.

त्याच वेळी फाईल खरी आहे का सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारं नाव) तेही बघा. उबंटूवर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही बहुतेक वेळा सिमलिंक असते, खरी फाईल रन फोल्डरमध्ये, आणि रन फोल्डर रॅममध्ये असतो. त्यात तुम्ही डीएनएस कितीही वेळा लिहा, रीबूटला पुसला जाणार. तिथे लिहायचंच नाही, सिस्टमडी-रिझॉल्व्हडी च्या किंवा नेटप्लॅनच्या कॉन्फिगमध्ये लिहायचं.

यातच एक जोडीचा घोळ: सेड (मजकूर बदलणारी कमांड) ला आय ऑप्शन देऊन फाईल बदलली की तो नवीन फाईल बनवून जुन्या नावावर ठेवतो, मग सिमलिंक तुटते आणि तिथे साधी फाईल बसते. एनजिनएक्सच्या (वेब सर्व्हरच्या) साइट्स-इनेबल्ड फोल्डरमध्ये हे नेहमी होतं, तिथे साइट्स-अव्हेलेबल मधल्या फाईलींच्या सिमलिंक असतात. नंतर टूल साइट्स-अव्हेलेबल मधली फाईल बदलत बसतं आणि एनजिनएक्स ती वाचतच नाही. आणि कृपा करून साइट्स-इनेबल्ड मध्ये "बॅक" शेपटीच्या कॉप्या ठेवू नका, डेबियन-उबंटूवर तिथली प्रत्येक फाईल लोड होते, बॅकअपसुद्धा.

२. कधी पुसलं गेलं ती वेळ पकडा

फाईलची बदलल्याची वेळ बघा आणि जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदवहीत) त्या वेळेच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. वेळ हा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. दर ३० मिनिटांनी पुसलं जातंय तर पपेट किंवा शेफचा एजंट, दोघांचीही डीफॉल्ट फेरी ३० मिनिटांची. रात्री ठराविक वेळी जातंय तर क्रॉन (ठरलेल्या वेळी काम चालवणारा), बऱ्याचदा आधीच्या माणसाने लावून ठेवलेला अन्सिबल-पुल (मशीनने स्वतः प्लेबुक आणून चालवणं). फक्त रीबूटला जातंय तर क्लाउड-इनिट किंवा रॅममधली फाईल. पॅकेज अपडेटनंतर गेलं तर पॅकेजने विचारलेल्या प्रश्नाला कोणीतरी "मेंटेनरची फाईल घ्या" असं उत्तर दिलंय.

इथे ईटीसीकीपर टाकून घ्या, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे. ईटीसी फोल्डर (जिथे सिस्टमच्या सेटिंग असतात) गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवतं, पॅकेज टाकलं-काढलं की आणि दिवसातून एकदा आपोआप कमिट करतं. यानंतर "कोणी बदललं" यावर ऑफिसात वाद घालायची गरज उरत नाही, डिफ (जुन्या-नव्यातला फरक) समोर असतो.

३. फाईल सोडा, सर्व्हिस काय वाचतेय ते विचारा

यावर थोडं थांबतो कारण चांगले-चांगले लोक इथे अडकतात. फाईलमध्ये लिहिलेलं आणि सर्व्हिसने घेतलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक तर रीलोड राहिलेला असतो, ते करून बघा. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकाच सेटिंगसाठी दोन-तीन फाईली वाचल्या जातात आणि कोण जिंकतं हे प्रत्येक सॉफ्टवेअरचं वेगळं.

ओपनएसएसएच (दुरून लॉगिन करायची सर्व्हिस) मध्ये पहिली सापडलेली व्हॅल्यू जिंकते. सिसकंट्रोल (कर्नलच्या सेटिंग) आणि सिस्टमडी (सर्व्हिस चालवणारा) च्या ड्रॉप-इन (जोडीच्या लहान फाईली) मध्ये शेवटची जिंकते. बरोबर उलटं. उबंटूच्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये सुरुवातीलाच डॉट-डी फोल्डर (जोडीच्या फाईलींचा) इन्क्लूड केलेला असतो आणि त्यात क्लाउड-इनिट ची ५० नंबरची फाईल पासवर्ड लॉगिन चालू करून बसलेली असू शकते. तुम्ही मुख्य फाईलमध्ये खाली "नो" लिहिलं तरी ती आधीच वाचली गेली, विषय संपला. म्हणून डोळ्याने फाईल वाचून निष्कर्ष काढू नका, एसएसएचडी ला कॅपिटल टी ऑप्शन द्या, तो खरोखर लागू असलेल्या व्हॅल्यू छापतो. एनजिनएक्सचा कॅपिटल टी सगळ्या फाईली जोडून पूर्ण कॉन्फिग दाखवतो. सिस्टमडी साठी सिस्टमकंट्रोल कॅट.

डेटाबेसचं तर आणखी वेगळं. पोस्टग्रेसमध्ये कोणी अल्टर सिस्टम चालवलं की ते पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ मध्ये जातं आणि मुख्य फाईलवर मात करतं. मायएसक्यूएल ८ मध्ये सेट पर्सिस्ट केलं की डेटा फोल्डरमध्ये वेगळी ऑटो फाईल बनते, ती सगळ्यात शेवटी वाचली जाते. तुमचं टूल इकडे मुख्य फाईल दिवसरात्र बरोबर ठेवतंय आणि डेटाबेस तिच्याकडे बघतच नाही. पोस्टग्रेसमध्ये पीजी सेटिंग्ज नावाचा व्ह्यू आहे, त्यात ही व्हॅल्यू कोणत्या फाईलच्या कोणत्या ओळीवरून आली आणि रीस्टार्ट बाकी आहे का ते सरळ लिहिलेलं असतं. मायएसक्यूएल मध्ये परफॉर्मन्स स्कीमातलं व्हेरिएबल्स इन्फो टेबल. अकाउंट सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर रिमोट घेऊन सेट पर्सिस्ट मारलेलं असतं आणि कोणाला सांगितलेलं नसतं, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

आणि परवानग्या. मायएसक्यूएल ची कॉन्फिग फाईल सगळ्यांना लिहिता येईल अशी असेल तर तो ती वाचतच नाही, फक्त वॉर्निंग देतो. सुडोअर्स-डी (अ‍ॅडमिनचे हक्क ठरवणाऱ्या फाईलींच्या) फोल्डरमध्ये नावात टिंब असलेली फाईल दुर्लक्षित होते. कोणी "सेव्हन सेव्हन सेव्हन" (सगळ्यांना सगळी परवानगी) मारून ठेवलंय का, फाईलच्या नावात टिंब आहे का, बघून घ्या.

४. डिस्क

जागा आणि आयनोड (प्रत्येक फाईलला लागणारी डिस्कवरची नोंद) दोन्ही बघा. जागा शिल्लक दिसते पण आयनोड संपलेले असतात, लाखो लहान सेशन फाईली किंवा मेलच्या रांगेमुळे, आणि मग टूलला टेंपररी फाईलसुद्धा बनवता येत नाही. डीएफ ला आय ऑप्शन देऊन बघा, एक मिनिट लागतं.

५. चालवण्याआधी डिफ बघायची सवय

अन्सिबल असेल तर चेक आणि डिफ दोन्ही ऑप्शन देऊन चालवा. काहीही बदलणार नाही, फक्त काय बदललं असतं ते ओळीनिशी दाखवेल. दरवेळी "चेंज्ड" येणारा टास्क इथेच पकडला जातो. बरेचदा टेम्प्लेटमध्ये (ज्या साच्यातून टूल फाईल बनवतं त्यात) तारीख छापलेली असते, दरवेळी नवी तारीख म्हणजे दरवेळी बदल, आणि दरवेळी सर्व्हिस रीस्टार्ट. दुपारच्या काट्याच्या गर्दीत, बाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग लागलेली असताना वजनाचं सॉफ्टवेअर रीस्टार्ट होणं काय असतं ते जिनिंगवाल्याला विचारा. तारीख काढून टाका.

शेल आणि कमांड मॉड्यूल (अन्सिबलमधले, थेट कमांड चालवणारे) मात्र चेक मोडमध्ये साधारण वगळले जातात, त्यामुळे सगळं हिरवं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

६. वायएएमएल ने तुमची व्हॅल्यू बदलली का

आपल्या भागासाठी हा खास आहे. एका ठिकाणी शाखांचे एसटीडी कोड व्हेरिएबलमध्ये ठेवले होते, बिलावर छापायला. भुसावळ बरोबर, अमळनेर बरोबर, जळगाव मात्र १७५ आणि धुळे १३९४. सगळ्यांनी टेम्प्लेट तपासलं, टेम्प्लेट बरोबरच होतं. गोष्ट अशी आहे की अन्सिबल जो वायएएमएल (प्लेबुक आणि व्हेरिएबल लिहायचा फॉरमॅट) वाचतो तो १.१ च्या नियमाने, त्यात शून्याने सुरू होणारा आणि फक्त ० ते ७ आकडे असलेला नंबर ऑक्टल (आठ-आठच्या हिशोबातला) धरला जातो. जळगावचा ०२५७ ऑक्टल म्हणून वाचला की १७५ होतो. धुळ्याचा ०२५६२ चा १३९४. नंदुरबारचा ०२५६४ पण जाणार. भुसावळच्या ०२५८२ मध्ये ८ आहे, अमळनेरच्या ०२५८७ मध्येही ८ आहे, ते ऑक्टल होऊच शकत नाहीत म्हणून मजकूर राहतात आणि वाचतात. म्हणून एक गाव बरोबर आणि एक चूक असं दिसतं आणि माणूस नेटवर्कमध्ये शोधत बसतो.

तसंच वेळेचं. बॅकअपची वेळ २२:३० अशी अवतरणचिन्हाशिवाय लिहिली तर ती १३५० होते, कारण १.१ मध्ये ती साठ-साठच्या हिशोबातली संख्या धरली जाते. सकाळचे ०९:३० मात्र तसेच राहतात. "यस", "नो", "ऑन", "ऑफ" हे ट्रू-फॉल्स होतात. फाईल मोड (परवानगीचा आकडा) ६४४ असा शून्याशिवाय लिहिला तर दशमान ६४४, म्हणजे ऑक्टलमध्ये १२०४, मग फाईलच्या मालकालाच ती वाचता येत नाही.

उपाय एकच: कोड, फोन, वेळ, मोड, व्हर्जन हे सगळं अवतरणचिन्हात. ज्याच्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नंबर नाही, तो मजकूर आहे.

७. कोणाचं व्हेरिएबल जिंकतंय

अन्सिबलच्या डॉक्युमेंटमध्ये व्हेरिएबलच्या वरचढपणाच्या २२ पायऱ्या दिल्यात. सगळ्या पाठ करायची गरज नाही, एवढं लक्षात ठेवा: रोलचे (अन्सिबलमधल्या एका कामाच्या तयार संचाचे) डीफॉल्ट सगळ्यात कमजोर गटात, मग ऑल ग्रुप, मग तुमचे ग्रुप, मग होस्ट (एकेक मशीन), आणि रोलच्या व्हार्स फोल्डरमधलं होस्टच्याही वर, कमांड लाईनवर दिलेलं एक्स्ट्रा व्हार्स सगळ्यांच्या वर. जळगावच्या मशीनसाठी होस्ट व्हार्स मध्ये लिहिलं आणि लागू होत नाही अशी तक्रार आली की मी आधी रोलचा व्हार्स फोल्डर उघडतो, कोणीतरी व्हॅल्यू डीफॉल्ट्सऐवजी तिथे टाकलेली असते.

दुसरा घोळ समान पातळीच्या ग्रुपचा. एक मशीन "जळगाव" ग्रुपमध्ये पण आहे आणि "मिल" ग्रुपमध्ये पण, दोन्हीकडे तीच सेटिंग, मग इंग्रजी अक्षरक्रमाने नंतर येणारा जिंकतो, म्हणजे इथे "मिल". कोणी ग्रुपचं नाव बदललं की निकालच बदलतो. यावर ग्रुप प्रायॉरिटी वापरता येते, पण माझं मत विचाराल तर एक व्हॅल्यू एकाच प्रकारच्या ग्रुपमध्ये ठेवा, गावाची माहिती गावाकडे, कामाची माहिती कामाकडे.

इन्व्हेंटरीची (मशीनच्या यादीची) कमांड फक्त इन्व्हेंटरीतलं दाखवते, रोलचं नाही, म्हणून प्लेच्या आत डीबग टास्क टाकून व्हॅल्यू छापून बघा.

८. ओळ बदलताय का पूर्ण फाईल

लाईन-इन-फाईल हे मॉड्यूल सोयीचं आहे आणि त्याच्यामुळेच दुहेरी ओळी होतात. समजा एसएसएच चा पोर्ट बदलायचाय आणि तुम्ही रेजेक्स (ओळ शोधायचा नमुना) असा लिहिला की "हॅश पोर्ट ने सुरू होणारी ओळ". पहिल्या वेळी हॅशवाली (म्हणजे बंद ठेवलेली) ओळ सापडली, जागेवर पोर्ट २२२२ आला, छान. काही महिन्यांनी २२२३ करायचं ठरलं. आता हॅशवाली ओळ राहिलीच नाही, रेजेक्सला काही सापडत नाही, मग तो नवी ओळ फाईलच्या शेवटी जोडतो. आता फाईलमध्ये दोन पोर्ट आहेत, आणि एसएसएचडी ला एकापेक्षा जास्त पोर्ट चालतात, तो दोन्हीवर ऐकत बसतो. तुम्हाला वाटतं जुना बंद झाला, तो उघडाच आहे. रेजेक्स असा लिहा की हॅश असो-नसो दोन्ही ओळी पकडल्या जातील.

त्याहून चांगलं, फाईल पूर्ण तुमची असेल तर टेम्प्लेटने पूर्ण फाईल लिहा, आणि पूर्ण तुमची नसेल तर डॉट-डी फोल्डरमध्ये तुमची स्वतःची वेगळी फाईल टाका. एका फाईलमध्ये अर्ध्या ओळी पॅकेजच्या, अर्ध्या टूलच्या, दोन ओळी व्हेंडरच्या, हे कधीच टिकत नाही. आणि टेम्प्लेटला व्हॅलिडेट द्या, सुडोअर्ससाठी व्हीआयसुडो चा चेक, एसएसएच साठी स्मॉल टी. चुकीची फाईल जागेवर जायच्या आधीच अडते.

९. फाईल शून्य बाईट, किंवा कंटेनरला जुनीच दिसते

घरगुती स्क्रिप्ट मोठ्या-पेक्षा चिन्हाने थेट फाईलवर लिहिते तेव्हा आधी फाईल रिकामी होते, मग मजकूर जातो. मध्ये लाईट गेली तर रिकामी राहते. बरोबर पद्धत: त्याच डिस्कवर टेंपररी फाईल लिहायची, एफसिंक करायचं (डिस्कवर खरोखर लिहून घ्यायचं), मग रीनेम. रीनेम अर्धवट होत नाही, एक तर जुनी फाईल दिसेल नाहीतर नवी.

पण याचीच एक बाजू डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या टूलमध्ये) त्रास देते. कंटेनरमध्ये एकच फाईल माऊंट केली असेल तर कंटेनरने जुना आयनोड धरलेला असतो. रीनेमने नवीन आयनोड आला, बाहेर नवी फाईल, आत जुनीच, कंटेनर रीस्टार्ट होईपर्यंत. फाईल नाही, पूर्ण फोल्डर माऊंट करा.

१०. दोन लॅपटॉप, दोन खरं

हे अवघड आहे कारण यात माणसं आहेत. एक जण जळगावहून चालवतो, दुसरा धुळ्याहून, दोघांकडे गिटची वेगवेगळी कॉपी, एकाने पुल केलेलं नाही. तो चालवतो आणि सगळ्यांचे बदल मागे जातात. नियम असा करा की लॅपटॉपवरून कोणीच चालवायचं नाही, एक ठरलेली मशीन, ती आधी पुल करणार, मग चालवणार, आणि एका वेळी एकच फेरी, लॉक लावून. हाताने तातडीचा बदल केलाच तर त्याच दिवशी तो गिटमध्ये गेला पाहिजे, यात सूट नाही. पासवर्ड अन्सिबल व्हॉल्टमध्ये, उघडे कधीच नाही.

कुठे थांबायचं

टेराफॉर्म (सर्व्हर आणि क्लाउडच्या गोष्टी उभ्या करणारं टूल) वापरत असाल आणि स्टेट फाईल (काय उभं केलंय त्याची टूलची नोंद) गेली किंवा बिघडली, किंवा लॉक सुटत नाही, तर फोर्स अनलॉक दाबू नका, स्टेट हाताने एडिट करू नका. दुसऱ्या कोणाची फेरी खरोखर चालू असेल तर दोन्ही मिळून खराब करतील. जाणकाराला बोलवा.

एसएसएच किंवा फायरवॉलची फाईल असेल आणि मशीनपाशी कोणी कीबोर्ड-मॉनिटर लावून बसू शकत नसेल तर रात्री एकट्याने करू नका. चोपड्याला मशीन बंद पडली आणि तुम्ही जळगावला, तर सकाळची पहिली गाडी हाच उपाय राहतो.

डेटाबेसच्या डेटा फोल्डरमधली फाईल हाताने उघडायची वेळ आली, कर्नल लॉगमध्ये आय-ओ एरर दिसले, किंवा फाईलसिस्टम आपोआप रीड-ओन्ली झाली, तर हा कॉन्फिगचा विषय नाही, बऱ्याचदा डिस्क जात असते. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात पत्र्याच्या खोलीतल्या मशीनचं हे जास्त होतं. पुढे एकही कमांड न चालवता मशीन तशीच ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला बोलवा, प्रत्येक रीबूटने शक्यता कमी होते.

पासवर्ड किंवा की गिटमध्ये उघडी गेलेली सापडली तर कमिट पुसून भागत नाही, ज्याने क्लोन केलं त्याच्याकडे ती आहेच. आधी पासवर्ड बदला, मग बाकीचं.

माणूस बोलावलात तर त्याला या चार गोष्टी तयार ठेवा: फाईलची बदललेली वेळ, त्या वेळेचा जर्नल, चेक-डिफ चं आऊटपुट, आणि शेवटचा हाताने बदल कोणी केला त्याचं नाव. चौथी गोष्ट लोक लपवतात आणि त्याच्यातच सगळा दिवस जातो, तर ती पहिली सांगा.